साठीच्या आत निवृत्ती, बँकेतलं व्याज आणि आयकर : कोणाला किती कर, कोणता फॉर्म, कधी रिटर्न

नोकरी साठीच्या आत सुटली की घरात बहुधा एकरकमी पैसा येतो. ग्रॅच्युइटी, प्रॉव्हिडंट फंड, रजेचे पैसे, व्हीआरएसची रक्कम, किंवा गल्फमध्ये वीस-पंचवीस वर्षं राबून साठवलेली पुंजी. हा पैसा बहुतेक घरांत आधी बँकेत जातो आणि त्या दिवसापासून त्यावर व्याज सुरू होतं.

या व्याजाबद्दल आपल्याकडे दोन समज नेहमी ऐकू येतात. पहिला : "आता रिटायर झालो, म्हणजे ज्येष्ठ नागरिकांच्या सवलती आपल्यालाही लागू." दुसरा : "व्याज आम्ही खातच नाही, गरिबांना देऊन टाकतो, मग त्यावर कर कसला?" दोन्ही समज चुकीचे आहेत आणि दोन्ही महागात पडतात. कोणाचा टीडीएस कापला जातो आणि रिटर्न न भरल्यामुळे तो परत मिळत नाही. कोणाला दोन वर्षांनी आयकर खात्याची नोटीस येते आणि कराबरोबर दंडाचं व्याजही भरावं लागतं.

आयकर कायदा दोन गोष्टी पाहतो : तुमचं वय आणि खात्यात जमा झालेलं व्याज. नोकरी कधी सोडली हे तो विचारत नाही, आणि व्याजाचं पुढे काय केलं हेही विचारत नाही. या लेखात आम्ही हाच हिशोब उदाहरणांसह मांडत आहोत. सगळे आकडे आर्थिक वर्ष २०२५-२६ चे, म्हणजे १ एप्रिल २०२५ ते ३१ मार्च २०२६ या काळातल्या उत्पन्नाचे आहेत. कलमांचे क्रमांक १९६१ च्या आयकर कायद्यातले आहेत. १ एप्रिल २०२६ पासून आयकर कायदा २०२५ लागू होतो आणि त्यात कलमांचे क्रमांक बदलले आहेत, म्हणून पुढच्या वर्षासाठी बँकेत जाताना चालू वर्षाचा फॉर्म मागून घ्यावा.

साठी कधी पूर्ण होते?

आयकरात ज्येष्ठ नागरिक म्हणजे ज्याचं वय त्या आर्थिक वर्षात केव्हाही ६० पूर्ण झालं तो. मार्चच्या शेवटच्या आठवड्यात साठ पूर्ण झाली तरी संपूर्ण वर्षासाठी ज्येष्ठ नागरिकाची सवलत मिळते. वय मोजताना कागदोपत्री तारीख धरली जाते. आपल्याकडे जुन्या पिढीतल्या कित्येकांची जन्मतारीख शाळेत नाव घालताना सरसकट १ जून लिहिली गेली. खरा जन्म आधीचा असला तरी हिशोब पॅन कार्डावरच्या तारखेनेच होतो.

महाराष्ट्र शासनाचे बहुतेक कर्मचारी आणि अनुदानित शाळांतले शिक्षक ५८ व्या वर्षी निवृत्त होतात. म्हणजे वेळेवर रिटायर झालेला शिक्षकसुद्धा पुढची जवळपास दोन वर्षं आयकराच्या दृष्टीने ज्येष्ठ नसतो. ज्याने पन्नाशीत व्हीआरएस घेतली त्याच्यासाठी हा काळ दहा वर्षांचा होतो.

या काळात साठीच्या आतल्या व्यक्तीला पुढील बाबतींत वेगळा नियम लागू होतो :

- टीडीएसची मर्यादा : एका बँकेतलं ठेवींवरचं व्याज वर्षाला ५०,००० रुपयांच्या वर गेलं की टीडीएस कापला जातो. ज्येष्ठांसाठी ही मर्यादा १,००,००० रुपये आहे. दोन्ही मर्यादा १ एप्रिल २०२५ पासूनच्या आहेत.
- जुन्या करप्रणालीतली वजावट : साठीच्या आत कलम ८०टीटीए खाली फक्त बचत खात्याच्या व्याजावर १०,००० रुपयांपर्यंत. ज्येष्ठांना कलम ८०टीटीबी खाली बचत आणि मुदत ठेव दोन्ही मिळून ५०,००० रुपयांपर्यंत.
- टीडीएस न कापण्याचा फॉर्म : साठीच्या आत १५जी, साठीनंतर १५एच.
- ॲडव्हान्स टॅक्स : धंद्याचं उत्पन्न नसलेल्या ज्येष्ठांना माफ, साठीच्या आत माफ नाही.

एक गोष्ट खास लक्षात ठेवण्यासारखी आहे. पोस्टाच्या सीनियर सिटिझन्स सेव्हिंग्ज स्कीममध्ये व्हीआरएस घेतलेल्या किंवा निवृत्त झालेल्या व्यक्तीला ५५ व्या वर्षापासूनही खातं उघडता येतं, निवृत्तीचे पैसे हातात आल्यापासून तीन महिन्यांच्या आत. योजनेच्या नावात सीनियर सिटिझन आहे, म्हणून अनेक जण १५एच भरून देतात. पण ५५ ते ६० या वयातल्या खातेदाराला फॉर्म १५जीच लागतो, आणि ८०टीटीबीची वजावटही त्याला मिळत नाही.

कोणतं व्याज करपात्र, कोणतं नाही

बचत खात्याचं व्याज, मुदत ठेव म्हणजे एफडीचं व्याज, आवर्ती ठेवीचं व्याज, पोस्टाच्या मासिक उत्पन्न योजनेचं व्याज, पतसंस्थेतल्या ठेवीचं व्याज, हे सगळं 'इतर मार्गांचं उत्पन्न' म्हणून एकूण उत्पन्नात मिळवलं जातं. व्याजाला वेगळा दर नाही. पेन्शन, भाडं आणि व्याज यांची बेरीज करून त्यावर नेहमीच्या टप्प्यांप्रमाणे कर लागतो.

बचत खात्याच्या व्याजावर बँक टीडीएस कापत नाही. पतसंस्थाही सभासदाच्या व्याजावर पुष्कळदा टीडीएस कापत नाहीत. पण टीडीएस कापला नाही म्हणजे कर नाही असं होत नाही. ते व्याज आपणच रिटर्नमध्ये दाखवायचं असतं.

करमुक्त व्याजाची यादी छोटी आहे. पीपीएफचं व्याज दोन्ही करप्रणालींत करमुक्त आहे. पोस्टाच्या बचत खात्याचं व्याज वैयक्तिक खात्यात ३,५०० रुपयांपर्यंत आणि संयुक्त खात्यात ७,००० रुपयांपर्यंत करमुक्त आहे.

प्रॉव्हिडंट फंडाबाबत लवकर निवृत्त झालेल्यांची हमखास फसगत होते. पाच वर्षांपेक्षा जास्त सलग नोकरी झाली असेल तर पीएफची रक्कम करमुक्त मिळते, हे खरं. पण नोकरी सोडल्यानंतर पैसे तसेच ईपीएफ खात्यात ठेवले, तर नोकरी सुटल्याच्या तारखेनंतर जमा होणारं व्याज करपात्र असतं. "पीएफ आहे, म्हणजे टॅक्स फ्री" असं समजून चार-पाच वर्षं हे व्याज रिटर्नमध्ये दाखवलंच जात नाही.

मुदतीअंती एकदम व्याज देणाऱ्या एफडीबद्दलही घोटाळा होतो. पैसे पाच वर्षांनी हातात येणार असले तरी बँक दरवर्षीचं व्याज त्या त्या वर्षी धरते, त्यावर टीडीएस कापते आणि आयकर खात्याला कळवते. म्हणून ते व्याज दरवर्षी दाखवणंच सोयीचं. सगळं शेवटच्या वर्षी दाखवलं तर त्या वर्षी उत्पन्न एकदम फुगतं आणि आधीच्या वर्षांच्या टीडीएसचा मेळ बसत नाही.

नवी करप्रणाली, जुनी करप्रणाली

काहीच निवडलं नाही तर नवी करप्रणाली लागू होते. तिचे टप्पे असे : ४ लाखांपर्यंत शून्य, ४ ते ८ लाख ५ टक्के, ८ ते १२ लाख १० टक्के, १२ ते १६ लाख १५ टक्के, १६ ते २० लाख २० टक्के, २० ते २४ लाख २५ टक्के, त्यापुढे ३० टक्के. भारतात निवासी असलेल्या व्यक्तीचं करपात्र उत्पन्न १२ लाखांपर्यंत असेल तर कलम ८७ए खाली ६०,००० रुपयांपर्यंत सूट मिळून कर शून्य होतो. पेन्शन असेल तर त्यातून आधी ७५,००० रुपयांची प्रमाणित वजावट मिळते. व्याजावर प्रमाणित वजावट नाही. नव्या प्रणालीत ८०टीटीए आणि ८०टीटीबी दोन्ही मिळत नाहीत.

जुन्या प्रणालीत साठीच्या आत अडीच लाखांपर्यंत कर नाही, अडीच ते ५ लाख ५ टक्के, ५ ते १० लाख २० टक्के, त्यापुढे ३० टक्के. उत्पन्न ५ लाखांपर्यंत असेल तर सुटीमुळे कर शून्य होतो. दोन्ही प्रणालींत कराच्या रकमेवर ४ टक्के उपकर वेगळा.

आता उदाहरणं पाहू. सोयीसाठी एफडीचा दर ७ टक्के धरला आहे.

पहिलं उदाहरण. वय ५२, खासगी कंपनीतून व्हीआरएस, पेन्शन नाही. एका बँकेत ४० लाखांची एफडी, वर्षाचं व्याज २,८०,००० रुपये. बचत खात्याचं व्याज १५,००० रुपये. एकूण उत्पन्न २,९५,००० रुपये. नव्या प्रणालीत हे ४ लाखांच्या आत आहे, कर शून्य. पण एफडीचं व्याज ५०,००० च्या वर असल्यामुळे बँक १० टक्के, म्हणजे २८,००० रुपये टीडीएस कापेल. वर्षाच्या सुरुवातीला १५जी भरून दिला असता तर हे पैसे कापलेच गेले नसते. आता ते परत मिळवायला रिटर्न भरावं लागेल.

दुसरं उदाहरण. वय ५६, वर्षाची पेन्शन ५,४०,००० रुपये, एफडीचं व्याज ५,००,००० रुपये, बचत खात्याचं १०,००० रुपये. नव्या प्रणालीत पेन्शनमधून ७५,००० वजा होऊन ४,६५,००० उरतात. त्यात ५,१०,००० व्याज मिळवलं की ९,७५,०००. टप्प्यांप्रमाणे कर ३७,५०० रुपये, तो सगळा सुटीत जातो. देणं शून्य. हीच व्यक्ती जुन्या प्रणालीत गेली आणि दुसरी कोणतीही वजावट नसेल, तर पेन्शनमधून ५०,००० आणि ८०टीटीएचे १०,००० वजा होऊन करपात्र उत्पन्न ९,९०,००० होतं. कर १,१०,५०० आणि उपकर धरून १,१४,९२० रुपये. दहा हजारांच्या वजावटीच्या मोहापायी जुनी प्रणाली निवडणं इथे सव्वा लाखाच्या आसपास पडतं.

तिसरं उदाहरण. वय ५४, पेन्शन ७,७५,००० रुपये, एफडीचं व्याज ६,००,००० रुपये. नव्या प्रणालीत करपात्र उत्पन्न १३ लाख. १२ लाखांची मर्यादा ओलांडल्यामुळे सूट मिळत नाही. कर ७५,००० आणि उपकर ३,०००, एकूण ७८,००० रुपये. नुसत्या पेन्शनवर कर शून्य होता. व्याज मिळवल्यामुळे कर लागला. मर्यादा अगदी थोडक्यात ओलांडली असेल तर मात्र वरच्या रकमेपेक्षा कर जास्त होऊ नये म्हणून कायद्यात सीमान्त सवलत आहे.

फॉर्म १५जी : कोणी भरावा, कोणी भरू नये

१५जी हा अर्ज नाही, ते प्रतिज्ञापत्र आहे. त्यात आपण लिहून देतो की या वर्षी आपला कर शून्य आहे. साठीच्या आतल्या व्यक्तीला दोन अटी पाळाव्या लागतात. वर्षाच्या एकूण अंदाजित उत्पन्नावर कर शून्य असला पाहिजे. आणि सगळ्या ठिकाणचं मिळून व्याज कर न लागणाऱ्या मूळ मर्यादेच्या आत असलं पाहिजे, म्हणजे नव्या प्रणालीत ४ लाखांच्या आत.

दुसरी अट पुष्कळांना माहीत नसते. वरच्या दुसऱ्या उदाहरणातल्या व्यक्तीचा कर शून्यच आहे, तरी तिचं व्याज ५,१०,००० असल्यामुळे तिला १५जी भरता येत नाही. तिचा ५०,००० रुपये टीडीएस कापला जाणार आणि रिटर्न भरूनच तो परत घ्यावा लागणार. १५एच भरणाऱ्या ज्येष्ठांना ही दुसरी अट नाही. खोटं प्रतिज्ञापत्र हा कायद्याने गुन्हा आहे, म्हणून बँकेतल्या कोणी "सही करा, पुढचं आम्ही बघतो" म्हटलं तरी आकडे स्वतः जुळवून पाहावेत.

फॉर्म दरवर्षी नव्याने द्यावा लागतो, प्रत्येक बँकेत वेगळा, आणि एप्रिलमध्येच दिलेला बरा. पॅन बँकेत जोडलेला नसेल तर टीडीएस १० ऐवजी २० टक्क्यांनी कापला जातो आणि १५जी चालत नाही. एकाच बँकेच्या वेगवेगळ्या शाखांत एफडी विभागून ठेवली तरी व्याज एकत्रच मोजलं जातं.

ॲडव्हान्स टॅक्स : नोकरीत नसताना लागलेली नवी जबाबदारी

नोकरीत असताना पगारातून कर कापण्याचं काम ऑफिस करत होतं. आता ते आपल्या अंगावर आलं. टीडीएस वजा करून वर्षाचा उरलेला कर १०,००० रुपये किंवा त्याहून जास्त होत असेल, तर तो हप्त्यांनी आगाऊ भरायचा असतो : १५ जूनपर्यंत १५ टक्के, १५ सप्टेंबरपर्यंत ४५ टक्के, १५ डिसेंबरपर्यंत ७५ टक्के, १५ मार्चपर्यंत पूर्ण.

तिसऱ्या उदाहरणात कर ७८,००० आणि बँकेने कापलेला टीडीएस ६०,००० रुपये. उरले १८,०००. हे ॲडव्हान्स टॅक्स म्हणून भरायला हवेत. नाही भरले तर कलम २३४बी आणि २३४सी खाली दरमहा १ टक्का दराने व्याज लागतं. सूद घेण्यापासून दूर राहणाऱ्या घराने निव्वळ तारीख चुकली म्हणून सरकारला सूद देत बसावं, हे कोणालाच आवडणार नाही.

व्याज वापरत नाही, त्यांनी काय करायचं?

हा आपल्या वाचकांचा खास प्रश्न आहे. बहुतेक उलेमा बँकेच्या व्याजाला रिबा मानतात. असं व्याज स्वतःवर खर्च न करता, सवाबची नियत न ठेवता गरजूंना देऊन टाकावं, असं सर्वसाधारणपणे सांगितलं जातं. अनेक घरांत हे काटेकोर पाळलं जातं, आणि ही चांगली गोष्ट आहे.

पण आयकराचा हिशोब त्याच्या आधीच झालेला असतो. व्याज खात्यात जमा झालं त्या क्षणी ते तुमचं उत्पन्न धरलं जातं. नंतर ते कोणाला दिलं, तसंच पडू दिलं की मदरशातल्या मुलांच्या संडासाच्या बांधकामाला दिलं, यामुळे ते उत्पन्न पुसलं जात नाही. बँक आकडा कळवते, तो आपल्या वार्षिक माहिती विवरणात, म्हणजे एआयएसमध्ये दिसतो, आणि रिटर्नमध्ये तो नसेल तर तफावतीची विचारणा होते. तिथे "आम्ही व्याज घेत नाही" हे उत्तर चालत नाही.

जकात दिली म्हणूनही आयकरात वजावट मिळत नाही. वजावट फक्त कलम ८०जी ची नोंदणी असलेल्या संस्थेला दिलेल्या देणगीवर, तीही जुन्या प्रणालीत आणि ठरलेल्या मर्यादेतच. २,००० रुपयांपेक्षा जास्त रोख देणगी त्यात धरली जात नाही. व्याजाचे पैसे दान देऊन त्यावर करसवलत घ्यावी का, हा वेगळा प्रश्न आहे, कारण ती सवलत म्हणजे शेवटी त्याच व्याजातून मिळालेला फायदा. तो मुफ्ती साहेबांना विचारून ठरवावा.

व्याजावरचा कर त्याच व्याजातून भरला तर चालतो का, याबद्दलही उलेमांमध्ये मतभेद आहेत. काही जण सरकारी बँकेच्या व्याजाला वेगळं मानून सरकारी करात ते देण्याची मुभा सांगतात, काही जण देत नाहीत. आपण ज्यांना मानतो त्यांच्याकडून मसला एकदा नीट समजून घ्यावा आणि दरवर्षी त्याप्रमाणे वागावं.

हिशोबाच्या बाजूने मात्र आम्ही तीन गोष्टी सुचवतो.

एक, घरात एक साधी वही ठेवा. रकाने पाच : बँकेचं नाव, जमा झालेलं व्याज, कापलेला टीडीएस, परत आलेला रिफंड, देऊन टाकलेली रक्कम. व्याज १ लाख असेल आणि १०,००० टीडीएस कापला गेला असेल, तर खात्यात ९०,००० च दिसतात. रिटर्नमध्ये मात्र पूर्ण १ लाख दाखवायचे असतात.

दोन, टीडीएसचा रिफंड आला की तो आपल्या हलाल कमाईत मिसळून जातो, कारण तो वर्षभराने येतो आणि कोणाच्या लक्षात राहत नाही. तो मुळात व्याजातूनच कापलेला पैसा आहे. शिवाय रिफंडला उशीर झाला तर आयकर खातं त्यावर दरमहा अर्धा टक्का व्याज देतं. हे व्याजही करपात्र असतं, आणि व्याज टाळणाऱ्यांनी तेही वेगळं काढायला हवं.

तीन, दैनंदिन खर्चाचे पैसे चालू खात्यात, म्हणजे करंट अकाउंटमध्ये ठेवता येतात. त्यावर व्याज मिळत नाही, त्यामुळे कराचा प्रश्नही येत नाही. किमान शिल्लक आणि चार्जेस किती, हे आधी विचारून घ्या. दुकानाचा गाळा किंवा घर भाड्याने दिलं तर भाड्यातून पालिकेचा मालमत्ता कर वजा करून उरलेल्या रकमेवर ३० टक्के सरसकट वजावट मिळते, नव्या प्रणालीतही. शेअर किंवा इक्विटी म्युच्युअल फंडाचा नफा हा व्याज धरला जात नाही. वर्षभरापेक्षा जास्त ठेवलेल्या गुंतवणुकीवर १.२५ लाखांच्या वरच्या नफ्यावर १२.५ टक्के कर लागतो. मात्र १२ लाखांपर्यंतची सूट या नफ्यावरच्या कराला मिळत नाही.

बायकोच्या, मुलांच्या, आई-वडिलांच्या नावावर पैसे ठेवले तर

निवृत्तीचे पैसे आले की "थोडे हिच्या नावावर टाकू" असं सगळ्याच घरांत होतं. नवऱ्याने बायकोला दिलेल्या पैशांवर तिला मिळणारं व्याज कलम ६४ प्रमाणे नवऱ्याच्याच उत्पन्नात मिळवलं जातं. २० लाख बायकोच्या नावावर ठेवले आणि १,४०,००० व्याज आलं, तर ते नवऱ्याच्या रिटर्नमध्ये दाखवायचं. त्या व्याजाची पुन्हा ठेव केली तर त्यावरचं पुढचं व्याज मात्र बायकोचं.

बायकोची स्वतःची कमाई, किंवा तिला वडिलांच्या विरासतीतून मिळालेला हिस्सा, हा तिचा स्वतःचा पैसा. त्यावरचं व्याज तिच्याच उत्पन्नात धरायचं. म्हणून हे पैसे वेगळ्या खात्यात ठेवावेत, नवऱ्याच्या पैशात मिसळू नयेत.

अठरा वर्षांखालच्या मुलांच्या नावावरच्या ठेवीचं व्याज आई किंवा वडील, ज्याचं उत्पन्न जास्त त्याच्यात मिळवलं जातं. सज्ञान मुलाला किंवा आई-वडिलांना दिलेल्या पैशांवरचं व्याज त्यांचं स्वतःचं. अब्बा-अम्मी साठीच्या वरचे असतील तर त्यांना ज्येष्ठांच्या सवलती मिळतात. मात्र हे हिबा आहे हे विसरू नये. दिलं म्हणजे ताब्यासकट दिलं. कागदावर अम्मीचं आणि व्यवहार सगळा माझा, अशी देणगी शरीयतच्या दृष्टीनेही पुरी होत नाही, आणि उद्या अम्मीच्या पश्चात ती रक्कम सगळ्या वारसांमध्ये वाटली जाणार, हेही ध्यानात ठेवावं.

संयुक्त खात्यात टीडीएस पहिल्या नावाच्या पॅनवर कापला जातो. म्हणून ज्याचे पैसे आहेत त्याचं नाव पहिलं ठेवावं.

गल्फमधून कायमचे परतलेल्यांसाठी

रत्नागिरी, रायगड, सिंधुदुर्ग भागातली कितीतरी माणसं चाळीशी-पन्नाशीत कायमची घरी येतात. त्यांना पेन्शन नसते, असते ती ठेव. परदेशात असताना एनआरई खात्याचं व्याज भारतात करमुक्त होतं. कायमचं राहायला परत आलं की ही सवलत संपते. बँकेला कळवून खातं निवासी खात्यात किंवा आरएफसी खात्यात बदलून घ्यायचं असतं. खात्याचं नाव एनआरईच राहिलं म्हणून व्याज करमुक्त राहत नाही.

परत आल्यावर काही काळ 'निवासी पण सामान्यतः निवासी नाही' असा दर्जा मिळू शकतो. आधीच्या १० वर्षांपैकी ९ वर्षं अनिवासी असल्यास, किंवा आधीच्या ७ वर्षांत भारतात ७२९ दिवस किंवा त्याहून कमी राहिल्यास तो मिळतो. या काळात आरएफसी खात्याचं व्याज करमुक्त असतं. साध्या निवासी खात्याचं व्याज मात्र करपात्रच.

एनआरओ खात्यावर उपकर धरून ३१.२ टक्के टीडीएस कापला जातो, आणि १२ लाखांपर्यंतची सूट अनिवासी व्यक्तीला नाही. परतल्यानंतरही खातं एनआरओ राहिलं तर हा मोठा टीडीएस चालूच राहतो. जास्त कापलेला टीडीएस रिटर्न भरून परत मिळतो.

रिटर्न कोणी भरायचं, कधी भरायचं

नव्या प्रणालीत एकूण उत्पन्न ४ लाखांच्या वर असेल तर कर शून्य असला तरी रिटर्न भरावं लागतं. उत्पन्न कमी असूनही वर्षभरात कापलेला टीडीएस २५,००० रुपये किंवा जास्त असेल, किंवा बचत खात्यांत वर्षभरात ५० लाख किंवा जास्त जमा झाले असतील, तरीही रिटर्न सक्तीचं आहे. निवृत्तीच्या वर्षी सगळी रक्कम बचत खात्यात येते, तेव्हा हा शेवटचा नियम हमखास लागू पडू शकतो.

२०२५-२६ चं रिटर्न ३१ जुलै २०२६ पर्यंत भरायचं. उशिरा ३१ डिसेंबरपर्यंत भरता येतं, पण करपात्र उत्पन्न असेल तर १,००० किंवा ५,००० रुपये शुल्क लागतं आणि जुनी प्रणाली निवडण्याची संधी जाते.

वर्षाचं वेळापत्रक भिंतीवर लावून ठेवावं असं आहे. एप्रिलमध्ये सगळ्या बँकांतून व्याजाचे दाखले घ्यायचे आणि पात्र असाल तर नव्या वर्षाचा फॉर्म द्यायचा. जूनमध्ये फॉर्म २६एएस आणि एआयएस उतरवून वहीशी ताळा करायचा. एआयएसमध्ये एखादी ठेव दोनदा दिसत असेल तर तिथेच हरकत नोंदवता येते. जुलैत रिटर्न भरायचं आणि ३० दिवसांत त्याची ई-पडताळणी करायची, नाहीतर ते भरलेलं धरलं जात नाही. जून, सप्टेंबर, डिसेंबर आणि मार्चच्या १५ तारखांना ॲडव्हान्स टॅक्स लागतो का ते पाहायचं.

रक्कम मोठी असेल, जमीन विकली असेल किंवा परदेशातलं उत्पन्न असेल, तर सीएची फी देऊन काम करून घेणं स्वस्त पडतं. बाकी साध्या पेन्शन-व्याजाचा हिशोब घरातली बारावी झालेली मुलगीसुद्धा करू शकते. तिला सोबत बसवून वही करा. घरात पैसा कुठे किती आहे हे तिला आणि तिच्या आईला कळलेलं असणं, हे कराच्या हिशोबाइतकंच गरजेचं आहे.